एक वाजताची जुळणी

आईचा फोन आला तेव्हा पक्कड पशुवैद्यांच्या टेबलाखाली पाठीवर पडली होती. तोंडात दोन स्क्रू, हातात केबलचं टोक, आणि डोक्याशी पिंजऱ्यात एक मांजर, जिला तिचं तिथे असणं मुळीच पसंत नव्हतं. घरात तिला लहानपणापासून पक्कडच म्हणत. पाच वर्षांची असताना वडिलांची पक्कड पळवून तिने घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या बिजागऱ्या सैल करून ठेवल्या होत्या, तेव्हापासून. आता तिचं पोट त्याच्या उलट कामावर चालायचं. दवाखाने, छोटी ऑफिसं, घरं यांना ती नेटवर्क स्टोरेज बसवून द्यायची: एका पेटीत दोन-चार ड्राइव्ह, त्यांवर सगळ्या फायली, आणि त्या फायली घरून, कामावरून, वाटेतून, कुठूनही उघडता याव्यात अशी सोय. घरची माणसं त्या पेटीला सरळ डबा म्हणत.

तिने कोपराने फोन उचलून स्पीकरवर टाकला.

आई खुशीत होती. सकाळपासून बसले होते, म्हणाली, पाठ मोडली पण काम हातावेगळं केलं. घरच्या डब्यात आणि वहिनीच्या क्लिनिकच्या डब्यात मास्तरांच्या सगळ्या फायली दोनदोनदा होत्या. तिने एकेक नाव बोट लावून ताडून पाहिलं, सोळाशे एक्केचाळीस नावं, एकही चूक नाही. मग क्लिनिकचा संच ठेवला आणि घरचा काढून टाकला.

पक्कडने तोंडातले स्क्रू हातावर काढले.

"काढून टाकला म्हणजे?"

"म्हणजे पुसला. तुझा डबा मोकळा झाला बघ."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आईचं हे का झालं, ते कळायला तिची नोकरी माहीत हवी. एकतीस वर्षं तिने एका वनस्पती-संग्रहालयात नोंदी ठेवल्या. वाळवलेली फांदी कागदावर, कागदाला नंबर, नंबर रजिस्टरात. एकाच झाडाचे एकाच दिवशी तोडलेले दोन नमुने आले तर एक ठेवायचा आणि दुसरा परगावच्या संग्रहालयाला पाठवायचा, हा तिथला शिरस्ता. एकाच नंबरचे दोन कागद एका कपाटात सापडणं तिच्या लेखी घरात साप निघण्यासारखं होतं. निवृत्तीनंतर तिचे हात शिवशिवत असायचे, म्हणून वहिनीने तिला आपल्या फायलींना नावं घालायचं काम दिलं होतं, आणि आई ते डोळ्यांत तेल घालून करत होती.

वहिनी म्हणजे पक्कडच्या भावाची बायको. स्पीच थेरपिस्ट. घशाच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज कायमचा जाणार असतो, त्यांचा आवाज ती आधीच रेकॉर्ड करून ठेवायची. ठरलेली सोळाशे वाक्यं वाचून घ्यायची; त्यांवरून पुढे संगणक त्या माणसाच्याच आवाजात बोलू शकतो. वर प्रत्येकाला मुभा असे, की घरच्यांसाठी हवी ती वाक्यं जशीच्या तशी बोलून ठेवावीत. मास्तर हे तिचे असेच एक रुग्ण, पोहायला शिकवायचे. पस्तीस वर्षं तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर ओरडण्यात गेलेला त्यांचा आवाज तीन आठवडे खपून वहिनीने गोळा केला होता. सोळाशे वाचलेली वाक्यं, एक्केचाळीस घरची. आणि आज अडीच वाजता त्यांना शस्त्रक्रियेसाठी आत नेणार होते.

पक्कड टेबलाखालून बाहेर आली. गुडघ्यांवर बसूनच तिने आईला सांगितलं, "आई, आत्ता जा आणि डब्याची वायर ओढून काढ. काही विचारू नकोस. ओढ."

आईने ओढली. तिचं एक चांगलं होतं, हुकूम आला की ती आधी पाळायची आणि मग वाद घालायची.

वाद घालायला ती परत फोनवर आली तेवढ्या मिनिटभरात पक्कडला आपण काय करून बसलो ते उमगलं.

घरचा आणि क्लिनिकचा डबा वेगळे दिसत, पण ते जुळे होते. तिनेच तसे बसवले होते, परवाच. इकडे फाइल ठेवली की तिकडे उमटायची, इकडे पुसली की तिकडे पुसली जायची. दिवसभर क्लिनिकची लाइन वहिनीच्या व्हिडिओ सेशनांत अडकलेली असते, म्हणून जुळणी दिवसात दोनदाच लावली होती, दुपारी एकला आणि संध्याकाळी सातला. पण काय पुसायचं त्याची यादी मात्र लगेच तिकडे जायची. यादी ती केवढी, तिला लाइनचा कसला भार. म्हणजे आईने शेवटची फाइल पुसली त्या क्षणी यादी क्लिनिकच्या डब्यात पोचली होती. तो डबा आता ती हातात धरून एक वाजायची वाट बघत बसला होता. घरच्या डब्याची वायर ओढून त्याला काहीही फरक पडणार नव्हता.

फरक पक्कडलाच पडला होता. क्लिनिकच्या डब्यात बाहेरून शिरायची वाट तिने घरच्या डब्यातूनच ठेवली होती. रुग्णांचे आवाज होते ते. रस्त्यावरच्या कुणालाही दार ठोठावता येऊ नये म्हणून क्लिनिकचा डबा फक्त घरच्या डब्याला ओळख देई. फार विचारपूर्वक केलेलं काम होतं. आणि आत्ताच तिने स्वतःच्या पायाखालचा पूल आईकडून काढून घेतला होता.

"परत लाव," ती म्हणाली.

"अगं, तूच म्हणालीस ना..."

"लाव, आई."

आईने लावली आणि दिवे वाचून दाखवायला लागली. पहिला हिरवा. दुसरा नारिंगी, लुकलुकतोय. तिसरा लागलाच नाही. पक्कडला ते न बघता दिसत होतं. मध्येच वीज गेलेला डबा उठला की आधी स्वतःचे ड्राइव्ह तपासतो, तपासून होईपर्यंत कुणालाही उंबऱ्यात घेत नाही. नव्या ड्राइव्हना किती वेळ लागेल? वीस मिनिटं. पाऊण तासही. तिने आईला तिसरा दिवा हिरवा झाला की कळवायला सांगितलं, आणि फोन ठेवण्याआधी आईने विचारलं, अगदी हळू, की माझं काही चुकलं का.

"नंतर बोलू," पक्कड म्हणाली. तेवढं ऐकून आईला जे कळायचं ते कळलं.

पुसलेलं परत आणायचे उपाय असतात, आणि पक्कड ते सगळ्यांना तळमळीने सांगत फिरे. डब्यात कचऱ्याची टोपली असते, पुसलेलं महिनाभर तिथे पडून राहतं. ती तिने बंद ठेवली होती, कारण वहिनीचा नियम: रुग्णाने माझा आवाज नष्ट करा म्हटलं, की तो नष्टच झाला पाहिजे, कुठल्या टोपलीत दडून राहता कामा नये. रेकॉर्डरचं कार्डही ती त्याच दिवशी कोरं करायची, आणि डबे लागल्यावर जुन्या लॅपटॉपवरचंही सगळं पुसलं होतं. दुसरा उपाय, दर तासाला डब्यात काय आहे त्याचं जसंच्या तसं चित्र, म्हणजे स्नॅपशॉट, काढायचं आणि ते कुलपात ठेवायचं. ते पक्कड शनिवारी चालू करणार होती. नव्या ड्राइव्हची पहिली तपासणी संपली नव्हती, त्यात आणखी भार नको म्हणून. आज गुरुवार होता.

बारा वाजून वीस मिनिटं. क्लिनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला, या वेळी पन्नास मिनिटांचा रस्ता. निघालं तरी एक वाजून दहा, आणि वाटेत हातात स्टिअरिंग, फोन नाही. क्लिनिक आज बंद होतं, वहिनीने रिसेप्शनच्या बाईला सुट्टी देऊन टाकली होती, कारण ती स्वतः मास्तरांपाशी हॉस्पिटलात होती. किल्ली तिच्या पर्समध्ये. पक्कडने वहिनीला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा वाजून वाजून थांबला. वॉर्डात गेली की वहिनी फोनचा आवाज बंद करून बॅगेत टाकते, हे पक्कडला ठाऊक होतं, तरी चौथ्यांदा लावला.

पशुवैद्यांनी दारातून डोकावून विचारलं की माझं नेटवर्क कधी सुरू होणार. हाड मोडलेल्या कुत्र्याचा एक्स-रे अडकला होता. पक्कडने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मांजराचा पिंजरा घेऊन निघून गेले.

तिने जमिनीवर बसून कागद घेतला. घाबरली की ती लिहायची, शाळेपासूनची सवय. डब्याला थांबवायला काय काय लागतं? आतून थांबवता येतं, पण आत जायची वाट घरच्या डब्यातून, आणि तो अजून उठायचा होता. लाइन तोडून उपयोग नाही, यादी आत पोचलेली. उरली वीज. क्लिनिकचा मेन स्विच बाहेरच्या पॅसेजमधल्या मीटरच्या कपाटात होता, त्याला कुलूप नव्हतं. वीज तोडली तर... तर काहीही होणार नाही, कारण डब्याच्या खाली तिनेच बॅटरी बसवली होती. चांगली, महागातली, वहिनी नको नको म्हणत असताना. पाऊण तास डबा आणि राउटर दोन्ही ओढते म्हणून कौतुकाने सांगितलं होतं.

तिने 'वीज' वर काट मारली आणि मग पेन तिथेच ठेवून बसून राहिली.

पाऊण तास ओढते, पण पाऊण तास ओढू देत नाही. वीज जाऊन दहा मिनिटं झाली की डब्याने गाशा गुंडाळायचा, असं तिने लावलं होतं. बॅटरी संपेपर्यंत वाट पाहायची नाही, हातात ताकद असताना नीट बंद व्हायचं. दहा मिनिटं. म्हणजे मेन स्विच बारा पन्नासच्या आत खाली गेला पाहिजे.

बारा चौतीस.

क्लिनिकशेजारी चष्म्यांचं दुकान होतं. परवा भिंतीला भोक पाडायला तिने त्या चष्मेवाल्याकडूनच स्टूल आणलं होतं, आणि नंबर घेतला होता, स्टूल परत करायचं राहिलं म्हणून. तिने लावला. उचलला नाही. परत लावला. कापला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्याने उचलून सांगितलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यात थेंब टाकलेत, दहा मिनिटांनी करा, आणि तिने तोंड उघडायच्या आत ठेवून दिला.

त्यानंतरची दहा मिनिटं पक्कडला पुढे कधीच नीट आठवली नाहीत. तिने आणखी सहा वेळा फोन लावला एवढं फोनच्या यादीत दिसत होतं. मध्ये एकदा आईचा आला: अजून नारिंगीच आहे. मी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसलेय.

बारा सत्तेचाळीसला चष्मेवाल्याने उचललं. पक्कडने धाप लागल्यासारखं सांगितलं: पॅसेजमध्ये जा, मीटरचं कपाट उघडा, क्लिनिकचा मेन स्विच खाली करा, का ते विचारू नका.

"ताई, मी लोकांना दिसायला लावतो, तुम्ही मला अंधार करायला सांगताय," तो म्हणाला. पण चालायला लागला होता. त्याच्या चपला वाजत होत्या. कपाटाचं दार करकरलं. मग तो घोटाळला. सहा मीटर होते आणि पाटी एकावरच होती, दातांच्या डॉक्टरांच्या. ते आत कुणाच्या तरी दाढेत घुसलेले होते, ड्रिलचा आवाज फोनमधून येत होता. चुकीचा स्विच पाडला तर तो पेशंट माझ्या मानगुटीवर बसेल, चष्मेवाला म्हणाला.

पक्कडने डोळे मिटले. परवा ती त्या कपाटासमोर उभी होती. तिने आपला मार्कर काढला होता का? नाही. पण वायर पाहिली होती. "एका मीटरखालून नवी पांढरी पट्टी वर भिंतीत गेलीय. पट्टी मी लावलीय. वाकडी आहे थोडी."

"थोडी?" तो म्हणाला. आणि खटका वाजला.

बारा बावन्न.

दोन मिनिटं उशीर. डबा एक वाजून दोन मिनिटांनी मिटणार, आणि एक वाजता यादी उघडून काम सुरू करणार. फाइल पुसायला किती वेळ लागतो? पापणी लवते तेवढाही नाही. फक्त, पुसण्याआधी प्रत्येक फाइल यादीशी ताडून बघायची असं तिने लावलं होतं, आईसारखंच, बोट लावून. त्यात वेळ जाईल. आणि लहान फोल्डर आधी, मोठे नंतर, असंही. लहान कोणतं?

तिला ते आठवलं तेव्हाच आईचा फोन आला: हिरवा झाला. तिसरा पण हिरवा.

बारा अठ्ठावन्न. पक्कडने फोनवरून घरच्या डब्याला हाक घातली. पासवर्ड. मग कोड. कोड यायला लागलेला वेळ तिने मोजला नाही. घरच्या डब्यातून क्लिनिकचं दार ठोठावलं. बॅटरीवर जगणाऱ्या राउटरने ओ दिली. पान उघडायला लागलं, अर्धं उघडलं, थांबलं, उघडलं. एक वाजून एक मिनिट. जुळणी चालू होती.

फायलींची नावं आईने घातली होती, प्रत्येक वाक्याचे पहिले शब्द. ती एकाखाली एक सरकत होती आणि प्रत्येकीपुढे 'पुसली' उमटत होतं. *किल्ली कुठे ठेवलीस.* पुसली. *अगं ऐकतेस का.* पुसली. *दिवा मालव आता.* पुसली. *मी रागावलो नाहीये, माझा आवाजच.* पुसली. पक्कडने थांबवा दाबलं. खात्री आहे का, असं विचारलं गेलं. तिने हो दाबलं. *तू पुढे हो, मी आलोच.* पुसली. आणखी एकदा हो. मग दुसरं, मोठं फोल्डर उघडलं, त्यातल्या काही ओळी सरकल्या, आणि पान जागच्या जागी गोठलं. डबा मिटला होता. तिच्या बोटाने थांबला की बॅटरीच्या हिशेबाने, ते तिला कधीच कळलं नाही.

चष्मेवाला अजून फोन धरून पॅसेजमध्ये उभा होता. तिने त्याला सांगितलं की मी येईपर्यंत बटण खालीच राहू दे, कुणी कितीही ओरडलं तरी. आपण मीटरच्या कपाटाला पाठ लावून उभा राहतो, तो म्हणाला, आणि या वेळी त्याने विनोद केला नाही.

गोठलेल्या पानावरून तिने हिशेब केला. ठरलेल्या सोळाशे वाक्यांतली नऊ गेली होती, पंधराशे एक्क्याण्णव शाबूत. तेवढ्यात मास्तरांचा आवाज बांधता येतो. घरच्या एक्केचाळीसांतली एकही उरली नाही.

तिने आईला सांगितलं. आईने दोन्ही आकडे परत विचारून घेतले. मग म्हणाली की आवाज तर वाचला ना, मोठं ते वाचलं. दीड तासात त्यांना आत नेणार, अशा वेळी असलं काही त्यांच्या कानावर घालायचं म्हणजे... माणसाने शांत मनाने जायला हवं. वहिनीलाही उद्या सांगू. आपण दोघी मिळून सांगू.

सगळं खरंच होतं त्यातलं. पक्कडच्या मनातही ते आईच्या आधीच येऊन गेलं होतं, आणि तिला ते फार बरं वाटलं होतं, म्हणूनच तिला त्याचा संशय आला.

"आई, अडीचनंतर त्यांना सांगून काय उपयोग? आत्ता त्यांच्याकडे आवाज आहे."

तिकडे आईचं स्टूल करकरलं.

"मी सांगते. माझं नाव घेऊन सांगते. डबे मी जुळे बसवले आणि तुला सांगितलं नाही."

"माझं पण घे," आई म्हणाली. "मी पुसलं. ते तसंच सांग."

वहिनीचा फोन लागत नव्हताच. पक्कडने हॉस्पिटलचा नंबर शोधला, तिथून वॉर्ड, वॉर्डात एक परिचारिका, तिला दोनदा समजावून सांगितलं की हो, आत्ताच, आणि हो, पेशंटच्याच बाबतीत. एक वाजून चौदाला वहिनी आली. तिचा श्वास ऐकू येत होता.

पक्कडने पाच वाक्यांत सांगितलं. काय गेलं, किती गेलं, कुणामुळे, काय शिल्लक आहे, आणि अजून किती वेळ आहे. मध्ये कुठे 'पण' घातला नाही. वहिनीने एकदाही अडवलं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तेवढ्या काळात या घराकडे तिने काही मागितलं नव्हतं. हे डबे ही पहिली गोष्ट.

"घरची सगळी?" तिने विचारलं.

"सगळी."

"मी त्यांना म्हटलं होतं, निर्धास्त राहा. आमच्या घरचं माणूस बघतंय म्हटलं होतं."

 वहिनीच्या मागून ट्रॉलीची चाकं गेल्याचा आवाज आला.

"घरच्या वाक्यांच्या यादीचा कागद माझ्या फाइलमध्ये आहे," वहिनी शेवटी म्हणाली. आवाज कोरडा ठक्क. "फोनवरून घरच्या डब्यात पाठवता येतं ना अजून? की तेही मोडलंय?"

"येतं."

"आता येईल त्याला कुणी हात लावायचा नाही. तू नाही, आई नाहीत, कुणी नाही." आणि तिने फोन ठेवला.

पुढचं सगळं मास्तरांच्या हातात होतं. त्या माणसाला आता, हिरवा झगा घालून, हाताला सुई टोचलेली असताना सांगायचं की तुमचं सगळं परत बोला. तो नाही म्हणू शकत होता. ओरडूही शकत होता, आणि त्याचं ओरडणं पस्तीस वर्षं मुरलेलं होतं. पक्कडने घरच्या डब्यावरची जुळणी कायमची बंद केली, तीनदा तपासली, एक नवं रिकामं फोल्डर केलं आणि त्याच्याकडे बघत बसली. एक वीस. एक पंचवीस. पशुवैद्यांनी न विचारता तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. एक तीस.

एक चौतीसला फोल्डरमध्ये एक फाइल आली. नाव नुसतं १.

मग बराच वेळ काही नाही. मग २, ३ आणि ४ पाठोपाठ. पक्कडला तिकडची खोली दिसत नव्हती, ऐकू येत नव्हती. फायली उघडायचा तिला अधिकार नव्हता आणि तिने उघडल्या नाहीत. फक्त आकार दिसत होते. काही फायली चार सेकंदांच्या, काही सहाच्या. पाचवी चाळीस सेकंदांची. चाळीस सेकंदांचं वाक्य यादीत नव्हतं. तिथे काय झालं असेल, कोण हसलं, कोण थांबलं, याचा विचार तिने केला आणि मग मुद्दाम सोडून दिला.

एक बावन्नला वहिनीचा निरोप आला, एका ओळीचा. पहिल्या दहांतली राहिलेली नंतर घेऊ, बाई म्हणतायत ती त्यांना झोपेतही ऐकू येतात, महत्त्वाची आधी. 'बाई' म्हणजे मास्तरांची बायको. क्रम आता ती ठरवत होती. नंबर उड्या मारायला लागले. १९, २२, ४१, ३०.

दोन वाजले. अठरा आल्या होत्या. दोन वाजून पाचला एक फाइल अर्ध्यात अडली, लाइन पडली होती, आणि पक्कडच्या हाताला इतका घाम आला की स्क्रीन बोट ओळखेना. तिने शर्टाला हात पुसला. फाइल स्वतःहून पुढे सरकली. चोवीस. सत्तावीस. दोन वाजून बाराला एकदम चार. आई दर थोड्या वेळाने फोन करत होती. पक्कड फक्त आकडा सांगायची आणि ठेवायची.

दोन सोळाला छत्तिसावी आली. त्यानंतर काहीच नाही. दोन वीसला वहिनीचा निरोप: नेलं आत.

पक्कडने घरच्या डब्याला जोडलेल्या दुसऱ्या ड्राइव्हवर छत्तीस फायलींची प्रत काढली. प्रत्येक फाइल मुळाशी ताडली. या वेळी यंत्रावर सोडलं नाही. एकेका फाइलीपुढचे आकडे स्वतः वाचले, बोट लावून, तिकडचे आणि इकडचे. अर्धा तास लागला. मग आईला फोन केला.

"जुळले?" आईने विचारलं.

"छत्तीसच्या छत्तीस. पाच राहिली. पहिल्या दहांतली."

आईने नाक ओढलं. ती अजून डब्यासमोरच्या स्टुलावर होती, जेवलेली नव्हती. डब्याला हात लावायला नको म्हणून तिने हात मांडीखाली दाबून धरले होते, असं तिनेच सांगितलं.

"राहिलेल्यांचे नंबर काढून टाकू नकोस," ती म्हणाली. "नमुना हरवला तरी आमच्याकडे रजिस्टरातली ओळ ठेवायची. समोर लिहायचं, कुणाच्या हातून गेला, कोणत्या तारखेला. आणि जो नंबर गेला तो पुन्हा दुसऱ्या कशाला द्यायचा नाही."

पक्कडने यादी उघडली. सहा, सात, आठ, नऊ, दहा. पाचांपुढे तारीख घातली. नाव घालायच्या जागी ती क्षणभर थांबली.

"दोन्ही नावं घाल," आई म्हणाली. "माझं आधी."

तिने दोन्ही घातली, पण स्वतःचं आधी. मग यादी वहिनीला पाठवली. उत्तर आलं नाही. येणारही नव्हतं, वहिनी बाईंजवळ बाहेर बाकावर बसली असणार. पक्कडने टेबलाखालचे स्क्रू गोळा केले, पशुवैद्यांना सांगितलं की मला आता जावं लागेल, तुमचं काम उद्या पुरं करते, आणि क्लिनिकच्या दिशेने निघाली. तिथे एक माणूस दोन तास मीटरच्या कपाटाला पाठ लावून उभा होता.